लिनक्सवर यूएसबी मोडेम चालू करताना : डोंगल लावण्यापासून *९९# पर्यंत

सोलापूर शहरात ज्यांच्या घरी फायबर आले आहे, त्यांना यूएसबी मोडेमची गरज उरलेली नाही. परंतु अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या टॉवेल कारखान्यात, जेथे शेडच्या कोपऱ्यात एकच जुना संगणक असतो आणि त्यावर बिले व ई-वे बिले तेवढी तयार करायची असतात, किंवा मंगळवेढा, करमाळा, सांगोला या बाजूच्या वस्त्यांवर, जेथे एका जोडणीसाठी तार ओढायला कोणी तयार होत नाही, तेथे सिमकार्डावर चालणारे डोंगल अजूनही उपयोगी पडते. अशा जुन्या संगणकावर लिनक्स चांगले चालते आणि बहुतेक डोंगलेही त्यावर चालतात. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. डोंगलच्या पोटात जो प्रोग्राम भरलेला असतो तो विंडोजसाठी असतो. तो उघडत नाही असे दिसले की नवखा माणूस डोंगलच लिनक्सवर चालत नाही असा निष्कर्ष काढतो आणि तेथेच थांबतो.

प्रत्यक्षात त्या प्रोग्रामची गरजच नसते. पीपीपी पद्धतीचे डोंगल हे मुळात डायल-अप मोडेमच आहे. पूर्वी टेलिफोनच्या तारेवर मोडेम इंटरनेट कंपनीचा क्रमांक फिरवीत असे, त्याच रीतीने हे डोंगल मोबाइल नेटवर्ककडे *९९# हा क्रमांक लावते, पलीकडून जोडणी मिळाली की पीपीपी या नियमावलीने संगणकाला आयपी पत्ता मिळतो आणि इंटरनेट सुरू होते. या प्रवासात पाच टप्पे आहेत : यूएसबीवर उपकरण दिसणे, ते मोडेमच्या रूपात येणे, त्याला पोर्ट मिळणे, सिमची नेटवर्कवर नोंद होणे आणि शेवटी डायल होणे. गाडी कोणत्या टप्प्यावर अडली आहे हे संगणक स्वतःच सांगत असतो, म्हणून काहीही बदलण्याआधी त्याचे म्हणणे वाचावे, असा माझा आग्रह आहे. एका वेळी तीन फाइली बदलणाऱ्याला पुढे काय केल्याने जमले हेही कळत नाही आणि काय केल्याने बिघडले हेही कळत नाही.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत, वेगळे सांगितले नसेल तर लहान लिपीत, टाइप कराव्यात.

डोंगल आणि सिम यांची जोडी

जुन्या बाजारातून किंवा नातेवाइकांच्या कपाटातून डोंगल मिळाले असेल, तर ते कोणत्या पिढीचे आहे हे आधी पाहावे. ज्या डोंगलवर #७७७ हा क्रमांक लावला जात असे ती सीडीएमए पद्धतीची होती. ती सेवा देशात बंद झाली असल्यामुळे अशा डोंगलवर वेळ घालवू नये. ज्यावर केवळ ३जी लिहिले आहे असे डोंगल जिओच्या सिमवर चालणार नाही, कारण २०१६ मध्ये सेवा सुरू केल्यापासून जिओने २जी किंवा ३जी नेटवर्क उभारलेलेच नाही. एअरटेलने २०२० च्या सुमारास आपले ३जी नेटवर्क बंद केले, त्यामुळे एअरटेलचे सिम घातल्यास असे डोंगल २जीवर उतरते. त्यावर टपाल आणि साधी पाने कशीबशी उघडतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर काम करायचे असेल तर मात्र ४जी डोंगलच घ्यावे. घेताना त्यावर बँड (म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे) ३, ५ आणि ४० यांचा उल्लेख आहे का ते पाहावे, कारण जिओचे ४जी प्रामुख्याने याच बँडवर चालते. बीएसएनएलचे ४जी वापरायचे असल्यास बँड १ आणि २८ यांचीही चौकशी करावी. परदेशातून आणलेल्या डोंगलमध्ये यांतले काही बँड नसतात, आणि मग सगळे बरोबर करूनही नेटवर्क सापडत नाही.

दुसरी गोष्ट कुलुपाची. कंपन्यांनी आपल्या नावाने विकलेली अनेक डोंगले फक्त त्याच कंपनीचे सिम स्वीकारतात. ह्युवेईच्या डोंगलला हे थेट विचारता येते. त्याची रीत पुढे दिली आहे.

आधी पॅकेजेस

इंटरनेट चालू करण्यासाठी लागणारी पॅकेजेस इंटरनेटवरूनच घ्यावी लागतात, हा पहिला पेच असतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन डेटा केबलने संगणकाला जोडून फोनच्या सेटिंगमधील यूएसबी टेदरिंग चालू करणे. लिनक्सला फोन लगेच नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि काही बसवावे लागत नाही. तेवढ्या वेळात यूएसबी-मोडस्विच, मोडेममॅनेजर, पीपीपी आणि मिनिकॉम ही चार पॅकेजेस घ्यावीत. लिनक्स मिंट किंवा उबंटूमध्ये यांतली काही आधीपासून असतात, पण खात्री करून घेतलेली बरी. टर्मिनलमधून डायल करणारे डब्ल्यूव्हीडायल मिळाले तर तेही घ्यावे. पॅकेजेस बसली की फोन काढून टाकावा, नाहीतर पुढे इंटरनेट नेमके कशावरून चालू आहे याबद्दल घोटाळा होतो.

डोंगल लावल्यावर संगणक काय म्हणतो

डेस्कटॉप असेल तर डोंगल पुढच्या नव्हे, मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावावे, कारण ते पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात आणि पुढच्या पोर्टपर्यंत जाणाऱ्या आतल्या बारीक वायरी वीजपुरवठ्याच्या बाबतीत दगा देतात. मागाच्या शेडमधील संगणक असेल तर पोर्टमध्ये एकदा टॉर्च मारून पाहावे. सुताची धूळ आत बसून दाबली गेलेली असते, डोंगल पूर्ण आत जात नाही, आणि बाहेरून मात्र ते नीट बसल्यासारखे दिसते.

लावण्याआधी टर्मिनल उघडून ‘सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू’ ही आज्ञा द्यावी आणि मग डोंगल लावावे. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळी डोळ्यांसमोर उतरू लागतात. नवीन यूएसबी उपकरण सापडले अशा अर्थाची ओळ आली तर पहिला टप्पा पार पडला. त्याऐवजी डिव्हाइस डिस्क्रिप्टर वाचता आला नाही असे सांगणारी आणि शेवटी उणे ७१ किंवा उणे ११० हा त्रुटी क्रमांक असलेली ओळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष बहुधा पोर्टचा, केबलचा किंवा अपुऱ्या विजेचा आहे. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होत नाही; पोर्ट बदलावा, मध्ये हब असेल तर तो काढावा.

आता दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या उपकरणांची यादी येते आणि प्रत्येकासमोर विसर्गचिन्हाने जोडलेले दोन क्रमांक दिसतात : पहिला बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. १२डी१ म्हणजे ह्युवेई आणि १९डी२ म्हणजे झेडटीई. ही जोडी कागदावर लिहून ठेवावी, कारण पुढच्या टप्प्याचा निकाल तिच्यावरूनच लागतो.

सीडी ड्राइव्हचे रूप सोडवणे

डोंगल पहिल्यांदा लावले की ते मोडेम म्हणून समोर येत नाही. ते स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देते, म्हणजे विंडोजला त्यातून आपला प्रोग्राम बसवता यावा. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज डोंगलला ठरावीक संदेश पाठवून हे रूप टाकायला लावते, आणि ते झाले की उपकरणाचा दुसरा क्रमांक बदलतो. उदाहरणार्थ, ह्युवेई ई१५५० हे डोंगल आधी १२डी१:१४४६ असे दिसते आणि रूप बदलल्यावर १२डी१:१००१ होते. पॅकेज बसलेले असेल तर हे काही सेकंदांत आपोआप घडते. म्हणून डोंगल लावल्यावर थोडे थांबून ‘एलएसयूएसबी’ पुन्हा चालवावे आणि कागदावरचा क्रमांक ताडून पाहावा.

क्रमांक बदललाच नसेल तर हाताने सांगावे लागते. ह्युवेईसाठी ‘सुडो यूएसबी_मोडस्विच -व्ही १२डी१ -पी १४४६ -जे’ अशी आज्ञा द्यावी. यात शेवटचे जे मोठ्या लिपीत, आणि १४४६ च्या जागी आपल्या कागदावरचा क्रमांक. झेडटीईच्या बऱ्याच डोंगलांना तर सीडी बाहेर काढण्याची नेहमीची ‘इजेक्ट’ आज्ञा त्या ड्राइव्हच्या नावासह दिली तरी पुरते.

येथे एक वेगळी जात ओळखून ठेवावी. ह्युवेई ई३३७२ सारखी काही ४जी डोंगले हायलिंक पद्धतीची असतात आणि रूप बदलल्यावर १२डी१:१४डीसी अशी दिसतात. ती मोडेम होत नाहीत, छोटे राउटर होतात. संगणकाला त्या जागी नेटवर्क कार्ड दिसते आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता टाकला की डोंगलचे स्वतःचे पान उघडते. एपीएन (कंपनीच्या इंटरनेट जोडणीचे नाव) आणि पिन तेथेच भरायचे. डायल करण्याचे काम डोंगल आतल्या आत करते, त्यामुळे अशांनी पुढचा पोर्टचा आणि डायल करण्याचा भाग सोडून द्यावा. नवीन डोंगल विकत घ्यायचेच असेल तर नवख्या माणसाने याच जातीचे घ्यावे असे मी सुचवीन.

पोर्ट आणि परवानगी

रूप बदलले की ऑप्शन नावाचा ड्रायव्हर कामाला लागतो आणि डीएमईएसजीच्या ओळींत जीएसएम मोडेम टीटीवाययूएसबी० ला जोडला गेला अशी नोंद येते; पाठोपाठ टीटीवाययूएसबी१, टीटीवाययूएसबी२ यांच्याही ओळी येतात. एकाच डोंगलचे तीन पोर्ट पाहून गोंधळून जाऊ नये. ह्युवेईत साधारणपणे पहिल्यावरून डेटा जातो आणि शेवटचा बोलण्यासाठी मोकळा असतो.

हे पोर्ट साध्या वापरकर्त्याला उघडता येत नाहीत. डेबियन, उबंटू आणि मिंट यांमध्ये त्यासाठी डायलआउट या गटात नाव असावे लागते : ‘सुडो अ‍ॅडयूजर’ लिहून पुढे आपले वापरकर्ता नाव आणि त्यापुढे डायलआउट लिहावे. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा आत यावे. हे केले नाही तर गटात नाव असूनही परवानगी नाकारली जाते, आणि पुष्कळ जण येथेच अडकतात.

मोडेमशी थेट बोलणे

बहुतेक मार्गदर्शक येथून सरळ डायल करण्याकडे जातात. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण सिम, सिग्नल आणि नेटवर्क यांच्याविषयीचा खरा जबाब मोडेमच देऊ शकतो. मोडेममॅनेजर पोर्ट धरून बसतो, म्हणून तो आधी ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप मोडेममॅनेजर’ या आज्ञेने थांबवावा; या नावात मोडेम आणि मॅनेजर या दोन्ही शब्दांचे पहिले एम मोठ्या लिपीत आहेत. मग मिनिकॉमला, म्हणजे पोर्टशी टाइप करून बोलण्याच्या प्रोग्रामला, मोठ्या लिपीतील -डी या पर्यायाने टीटीवाययूएसबी२ चा डेव्ह फोल्डरसह पूर्ण पत्ता (त्यातील यूएसबी ही अक्षरे मोठ्या लिपीत) देऊन ते उघडावे, ‘एटी’ टाइप करावे आणि एंटर दाबावे. ओके असे उत्तर आले की मोडेम जिवंत आहे. उत्तर आले नाही तर दुसरा पोर्ट पाहावा.

‘एटी+सीपीआयएन?’ विचारल्यावर रेडी आले तर सिम वाचले गेले. सिम पिन असे आले तर सिमला पिन आहे; ती अंदाजाने टाकू नये, कारण तीन चुकांनंतर पीयूके लागतो आणि पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते. फोनमध्ये सिम घालून पिन आधीच बंद करून घेणे हा सुरक्षित मार्ग. ह्युवेईत ‘एटी^कार्डलॉक?’ या प्रश्नाला येणाऱ्या उत्तराचा पहिला आकडा २ असेल तर डोंगल मोकळे आहे आणि १ असेल तर कुलूपबंद. त्यापुढचा आकडा किती प्रयत्न शिल्लक आहेत ते सांगतो. तेथेही कुठून तरी मिळालेले कोड टाकून पाहू नयेत.

सिग्नलसाठी ‘एटी+सीएसक्यू’. उत्तरातील पहिला आकडा ० ते ३१ मध्ये असतो आणि ९९ आल्यास मोजमाप झालेले नाही असे समजावे. आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डेसिबल-मिलिवॉटमधील मूल्य मिळते. म्हणजे १० ला उणे ९३ आणि २० ला उणे ७३. दहाच्या खाली काम रखडत चालते. पत्र्याच्या शेडमध्ये मागांच्या रांगेमागे ठेवलेल्या संगणकावर हा आकडा ६-७ च्या पुढे जाताना दिसत नाही, आणि तेच डोंगल दीड मीटरच्या यूएसबी एक्स्टेंशन केबलने खिडकीच्या गजापर्यंत नेले की तो १५ च्या वर चढतो, हे पाहण्यासारखे असते. एटी+सीएसक्यू परत परत देत डोंगल हळूहळू सरकवावे आणि आकडा सर्वाधिक येतो तेथे ते दोरीने बांधून टाकावे. केबल जाड आणि आखूड असावी, आणि मागाच्या मोटरच्या वायरीलगत ती नेऊ नये. सिग्नल चांगला म्हणजे वेगही चांगला असे मात्र नाही : आषाढीच्या दिवसांत पंढरपुरात आकडा उत्तम दिसूनही पान उघडत नाही, कारण टॉवर मोजकेच आणि माणसे लाखो असतात.

उरला प्रश्न नोंदणीचा. ‘एटी+सीआरईजी?’ याला ०,१ असे उत्तर आले तर सिम स्वतःच्या नेटवर्कवर आहे आणि ०,५ आले तर रोमिंगवर, दोन्ही चालतात. ०,२ म्हणजे शोध चालू आहे, आणि ०,३ म्हणजे नेटवर्कने नकार दिला आहे. नकार आला असेल तर संगणकात काही शोधत बसू नये, सिमचे रिचार्ज आणि केवायसी पाहावे.

डायल करणे

एपीएन आधी ठरवून घ्यावा. बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, जिओसाठी जिओनेट आणि व्होडाफोन-आयडियासाठी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ही तीन अक्षरे. सगळे जोडून आणि लहान लिपीत.

सोपा मार्ग पडद्यावरच्या खिडक्यांचा आहे. मिनिकॉम बंद करून मोडेममॅनेजर पुन्हा सुरू करावा, ‘एमएमसीएलआय -एल’ ही आज्ञा देऊन (येथे शेवटचे एल मोठ्या लिपीत) यादीत मोडेम दिसतो याची खात्री करावी, आणि नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन मोबाइल ब्रॉडबँड ही नवीन जोडणी निवडावी. देश, कंपनी आणि एपीएन विचारले जातात. *९९# हा क्रमांक आपण कुठेही लिहीत नाही, नेटवर्कमॅनेजर तो स्वतः लावतो. दहांपैकी बहुतेकांचे काम येथेच होऊन जाते.

ते जमले नाही किंवा संगणकावर डेस्कटॉपच नसेल तर डब्ल्यूव्हीडायल वापरावे. मोडेममॅनेजर परत थांबवून ईटीसी या फोल्डरमधील डब्ल्यूव्हीडायल डॉट कॉन्फ ही फाइल उघडावी. त्यात मोडेमसमोर पहिल्या पोर्टचा पूर्ण पत्ता, बॉडसमोर ४६०८००, फोनसमोर *९९# आणि स्टुपिड मोडसमोर यस लिहावे. या शेवटच्या ओळीमुळे जोडणी मिळताच लॉगिनची वाट न पाहता पीपीपी सुरू होते. युजरनेम आणि पासवर्ड या ओळी रिकाम्या ठेवल्यास डब्ल्यूव्हीडायल तक्रार करते, म्हणून नेटवर्क काही मागत नसले तरी कोणताही एक शब्द तेथे घालावा. इनिट२ च्या ओळीत एटी+सीजीडीसीओएनटी=१, त्यापुढे स्वल्पविराम, मग अवतरणचिन्हांत आयपी, पुन्हा स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांत एपीएन द्यावा. नंतर ‘सुडो डब्ल्यूव्हीडायल’ चालवावे. कनेक्ट आणि त्याखाली लोकल आयपी पत्ता दिसला की जोडणी झाली. ते टर्मिनल बंद करू नये.

नो कॅरियर असे उत्तर आले तर बहुतेक वेळा एपीएन चुकलेला असतो किंवा सिमवर डेटा पॅक नसतो. पत्ता मिळूनही पाने उघडत नसतील तर ‘पिंग ८.८.८.८’ करून पाहावे. उत्तर येत असेल तर जोडणी ठीक आहे आणि दोष डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा आहे. ईटीसीमधील रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलीत नेमसर्व्हर आहे का ते तपासावे. उत्तरच येत नसेल तर लॅनची केबल किंवा वायफाय काढून पाहावे, कारण संगणक कधी कधी बाहेरचा रस्ता जुन्याच जोडणीवरून काढत राहतो.

टेलिफोनच्या तारेचा मोडेम

तांब्याच्या तारेवरील फोन आणि ५६ के यूएसबी मोडेम फॅक्ससाठी किंवा जुन्या यंत्राशी बोलण्यासाठी वापरायचा असेल तर त्याला रूप बदलावे लागत नाही. तो सीडीसी-एसीएम ड्रायव्हरने टीटीवायएसीएम० म्हणून दिसतो. असा पोर्ट उमटलाच नाही तर तो सॉफ्टमोडेम (आपले बरेचसे काम संगणकावरच्या ड्रायव्हरकडून करून घेणारा मोडेम) असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच्या जुन्या ड्रायव्हरमागे लागण्यापेक्षा यूएस रोबोटिक्स ५६३७ सारखा स्वयंपूर्ण मोडेम शोधावा. मोडेम नो डायलटोन म्हणत असेल पण फोनच्या रिसीव्हरवर टोन ऐकू येत असेल, तर डायल करण्याआधी ‘एटीएक्स३’ द्यावे. मग तो टोनची वाट न पाहता क्रमांक लावतो. फायबरवरून येणाऱ्या फोनवर आवाज पॅकेटांत जातो, त्यामुळे तेथे मोडेमची जोडणी टिकेल असे धरून चालू नये.

रोजच्या वापरात

डोंगल काढून परत लावले की पोर्टचा आकडा कधी कधी सरकतो आणि काल चाललेली फाइल आज चालत नाही. डेव्ह फोल्डरमध्ये सीरियल आणि त्यात बाय-आयडी नावाचा फोल्डर असतो. तेथे डोंगलच्या नावानिशी दिलेले पत्ते बदलत नाहीत, म्हणून डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलीत तोच पत्ता लिहावा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना खिडकीत बांधलेले डोंगल दुपारी उन्हात येते, तापते आणि मधूनच यूएसबीवरून नाहीसे होते. डीएमईएसजीत डिस्कनेक्टच्या ओळी दुपारीच येत असतील तर त्याची जागा सावलीत बदलावी. डेटा मोजका असेल तर नेटवर्क कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ही जोडणी मीटर्ड म्हणून नोंदवावी, आपोआप होणारी अपडेट बंद करावीत, आणि महिन्यातून एकदा घरच्या वायफायवर संगणक आणून ती हाताने करून घ्यावीत.